चार खेळाडूंच्या सामन्यासाठी डेकची रचना : ‘मॅजिक : द गॅदरिंग’चे उदाहरण

पाठाचा उद्देश

संभाव्यता आणि गेम थिअरी या विषयांतील काही संकल्पना एका प्रत्यक्ष खेळावर लावून पाहणे हा या पाठाचा उद्देश आहे. त्यासाठी एक प्रश्न घेऊ. दोघांच्या सामन्यात हमखास जिंकणारा डेक चौघांच्या सामन्यात का हरतो?

खेळाची ओळख

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केला आणि तो १९९३ मध्ये बाजारात आला. यात प्रत्येक खेळाडू आपला डेक स्वतः बांधून आणतो. ‘लँड’ प्रकारच्या पत्त्यांतून माना नावाची ऊर्जा मिळते. ती खर्च करून मंत्र टाकायचे किंवा क्रीचर बोलावून हल्ला करायचा. ज्याचे लाइफ शून्यावर येते तो बाद होतो.

दोघांच्या नेहमीच्या सामन्यात डेक किमान ६० पत्त्यांचा असतो, एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती ठेवता येतात आणि लाइफ २० असते. अनेक खेळाडूंसाठी ‘कमांडर’ हा प्रकार लोकप्रिय आहे. त्यात कमांडर धरून बरोबर १०० पत्ते असतात, मूळ लँड सोडून प्रत्येक पत्त्याची एकच प्रत चालते आणि लाइफ ४० असते. साधारणपणे चार जण प्रत्येक जण स्वतःसाठी खेळतात.

१. नुकसानाचा हिशेब

‘लायटनिंग बोल्ट’ हा पत्ता एका मानात ३ नुकसान करतो. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे लाइफ २० असल्याने असे ७ पत्ते पुरतात. कमांडरमध्ये तिघांचे प्रत्येकी ४० लाइफ संपवायचे, म्हणजे प्रत्येकासाठी १४ याप्रमाणे ४२ पत्ते लागतील. त्यामुळे सुरुवातीपासून धडाधड हल्ला करणाऱ्या डेकचा दम मध्येच संपतो.

याउलट ‘ग्रे मर्चंट ऑफ ॲस्फोडेल’ हा पत्ता प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे लाइफ एकाच वेळी कमी करतो आणि जेवढे कमी झाले तेवढे आपल्याला देतो. खेळाडू वाढले की अशा पत्त्याची किंमत आपोआप वाढते. म्हणून पत्ता निवडताना त्यावर ‘एक प्रतिस्पर्धी’ लिहिले आहे की ‘प्रत्येक प्रतिस्पर्धी’, हे आधी वाचावे.

२. एकास एक अदलाबदल

समजा अ, ब, क, ड असे चार खेळाडू आहेत. अ ने एक पत्ता खर्च करून ब चा एक क्रीचर नष्ट केला. दोघेच असते तर हिशेब बरोबरीत राहिला असता. इथे अ आणि ब दोघेही एकेका पत्त्याने मागे पडले; क आणि ड काहीही न करता पुढे गेले.

आता ‘रॅथ ऑफ गॉड’ घ्या. चार मानांचा हा पत्ता सर्वांचेच क्रीचर नष्ट करतो. अ कडे १ आणि इतर तिघांकडे प्रत्येकी ३ क्रीचर असतील, तर अ चे हा पत्ता धरून २ पत्ते जातात, तर इतर प्रत्येकाचे ३. म्हणजे अ तिघांच्याही तुलनेत एकेका पत्त्याने पुढे जातो. एका क्रीचरला मारणारे पत्ते तरीही लागतात, पण ते खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवावेत.

३. एकच प्रत, मग भरवसा कशावर?

कमांडर बाजूला ठेवल्यावर ९९ पत्ते उरतात. विशिष्ट पत्ता पहिल्या ७ पत्त्यांत येण्याची संभाव्यता ७/९९, म्हणजे सुमारे ७ टक्के. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये चार प्रती असतील, तर त्यांपैकी किमान एक येण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते.

यावर उपाय म्हणजे एकच काम करणारे अनेक वेगवेगळे पत्ते ठेवणे. असे १० पत्ते असतील, तर हायपरजॉमेट्रिक वितरणानुसार पहिल्या ७ पत्त्यांत किमान एक येण्याची संभाव्यता सुमारे ५४ टक्के आणि पहिल्या १० पत्त्यांत सुमारे ६७ टक्के होते. यंत्ररचनेत आपण जादा घटक ठेवतो, तेच तत्त्व इथे आहे.

४. तीन पाळ्यांची प्रतीक्षा

नव्या क्रीचरला साधारणपणे त्याच पाळीत हल्ला करता येत नाही. आपली पुढची पाळी येईपर्यंत मध्ये तिघे खेळतात. प्रत्येक जण आपला क्रीचर नष्ट करण्याची संभाव्यता स्वतंत्रपणे १/४ मानू. दोघांच्या सामन्यात तो टिकण्याची शक्यता ७५ टक्के, तर चौघांत (३/४)³, म्हणजे सुमारे ४२ टक्के. म्हणून सगळी मदार एकाच क्रीचरवर ठेवू नये.

५. युती आणि धोक्याचा अंदाज

दोघांच्या शून्य-बेरीज खेळासाठी जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये मिनिमॅक्स सिद्धांत सिद्ध केला. खेळाडू तीन किंवा अधिक झाले की युतीचा प्रश्न येतो. फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात त्याचा सविस्तर विचार आहे. टेबलावर त्याचा अर्थ सरळ आहे : जो सर्वांत बलवान दिसतो, त्याच्याविरुद्ध उरलेले तिघे एकत्र येतात.

‘प्रोपगँडा’ हा पत्ता असला की आपल्यावर हल्ला करणाऱ्याला प्रत्येक क्रीचरमागे २ माना भरावे लागतात. दोघांच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यासमोर दुसरे लक्ष्यच नसते. चौघांत मात्र तो हल्ला शेजाऱ्याकडे वळवतो.

९९ पत्त्यांचा प्राथमिक आराखडा

- लँड : ३६
- जादा माना देणारे : १०
- पत्ते ओढून देणारे : १०
- एका लक्ष्यावर चालणारे : ८
- सर्व पट साफ करणारे : ४
- बचावाचे : ५
- कमांडरच्या कल्पनेला पूरक : २२
- सामना संपवणारे : ४

काही सामने खेळून झाल्यावर हे आकडे बदलावेत.

सारांश

चौघांच्या सामन्यात प्रत्येक पत्त्याची किंमत तिघांच्या तुलनेत मोजावी लागते. आपली ताकद लवकर दाखवणारा डेक तिघांना एकत्र आणतो. संथपणे साधने जमवून तिघांना जवळजवळ एकाच वेळी संपवणारा डेक टिकतो.

स्वाध्याय

१. वरील आराखड्यात पहिल्या ७ पत्त्यांत सरासरी किती लँड येतील?

२. खेळाडू पाच असतील, तर भाग ४ मधील क्रीचर टिकण्याची शक्यता किती?

३. एक खेळाडू बाद होऊन तिघे उरले, तर ‘प्रोपगँडा’चा उपयोग वाढेल की घटेल? कारणासह लिहा.