शिसं गेलं कुठे?

रसवंतीबाहेर पडलेलं उसाचं चिपाड आपण कचऱ्यातच धरतो. पण तेच चिपाड धुऊन, वाळवून, सायट्रिक आम्लात भिजवून तापवलं, की त्याच्या तंतूंवर कार्बॉक्सिल गट वाढतात. पाण्यात या गटांवर ऋणभार येतो. शिशाचे आयन असतात धनभारित, त्यामुळे ते तंतूंच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. याला अधिशोषण म्हणतात.

आता बघा, शिसं गेलं कुठे? शिसं हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, जाळूनही संपत नाही. पाण्यातून ते चिपाडावर आलं, एवढंच झालं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. समजा, ही मर्यादा आपण गाठली आणि वापरलेलं चिपाड उकिरड्यावर फेकलं, तर पावसाच्या पाण्याबरोबर तेच शिसं पुन्हा विहिरीकडे निघू शकतं. चिपाड आम्लाने धुऊन परत वापरता येतं, पण मग शिसं त्या आम्लात उतरतं.

म्हणजे ‘पाणी शुद्ध झालं’ हे विधान खरं असलं, तरी अर्धंच आहे. तेव्हा अशी गाळणी कोणी दाखवली, तर पाण्याबरोबर चिपाडाचीही चौकशी करा: वापरून झाल्यावर हे जाणार कुठे?