समुद्रात हरवलेली जाळी : तंजावरच्या किनाऱ्यावरील प्रयत्न

तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर सरफोजी राजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेली ‘मनोरा’ ही वास्तू आहे. तिच्यासमोरचा पाल्कचा उपसागर उथळ असून त्याच्या तळाशी समुद्री गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. या गवतावर जगणाऱ्या डुगाँग अर्थात समुद्रगायीसाठी तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टई जिल्ह्यांलगतचे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र राखीव घोषित केले. देशातील हे असे पहिलेच क्षेत्र होय. देशात सुमारे २४० समुद्रगायी उरल्या असल्याचे शासनाने त्या वेळी म्हटले होते.

समुद्रगाय सस्तन प्राणी असल्याने तिला श्वास घेण्यासाठी वारंवार पाण्यावर यावे लागते. जाळ्यात अडकल्यास ती गुदमरून मरते. मग ते जाळे नुकतेच टाकलेले असो वा कधीचे हरवलेले. पूर्वीची सुती जाळी पाण्यात कुजत असत. नायलॉनची जाळी मात्र वर्षानुवर्षे टिकतात आणि मालकाविना मासे व कासवे मारत राहतात. म्हणूनच जगभर त्यांना ‘भुताची जाळी’ म्हटले जाते. मासेमारीची सुमारे ६ लाख ४० हजार टन साधने दरवर्षी समुद्रात जात असावीत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २००९ च्या अहवालात मांडला होता.

जाळी सहसा कोणी हौसेने टाकून देत नाही. ती वादळात वाहून जातात, खडकात अडकतात किंवा ट्रॉलरखाली सापडून तुटतात. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरील नावा आणि जाळ्यांची मोठी हानी केली. ट्रॉलर आणि पारंपरिक नावा यांनी आठवड्यातील तीन व चार दिवस वाटून घेण्याची जुनी व्यवस्था पाल्कच्या उपसागरात आहे. ती संघर्ष टाळण्यासाठी असली, तरी ती पाळली गेल्यास जाळी तुटण्याचे प्रसंगही कमी होतात.

राखीव क्षेत्रामुळे मच्छीमारांवर नवे निर्बंध येणार नाहीत, असे शासनाने स्पष्ट केले होते. त्यामुळे संवर्धनाची मुख्य भिस्त त्यांच्या सहकार्यावरच आहे. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय मच्छीमारांनी जिवंत सोडून दिल्याच्या अनेक घटना या किनाऱ्यावर घडल्या असून वन विभागाने त्यांना रोख पारितोषिके दिली आहेत.

मात्र प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर नुकसान मच्छीमाराचेच होते. महाराष्ट्रात यावर २०१८ मध्ये उपाय योजण्यात आला. संरक्षित प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्यापोटी कमाल २५ हजार रुपये भरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. केरळमधील नीण्डकरा येथे २०१७ पासून मच्छीमारांनी जाळ्यात येणारा प्लास्टिक कचरा समुद्रात परत न टाकता बंदरावर आणण्यास प्रारंभ केला. तो दळून रस्तेबांधणीसाठी वापरण्यात आला. चेन्नईच्या कासिमेडू बंदरात २०२४ मध्ये निकामी जाळी मच्छीमारांकडून वजनावर विकत घेण्याचा उपक्रम सुरू झाला.

या सर्व उपक्रमांमागील सूत्र एकच आहे. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल असते आणि अनेकदा ते कर्ज काढून घेतलेले असते. फाटलेल्या जाळ्याची भरपाई आणि जुन्या जाळ्याला किंमत मिळाली, तर ते समुद्रात सोडण्याचे कारण उरत नाही. हरवलेले जाळे कोठे गेले, हेही तेथे रोज जाणाऱ्या मच्छीमारालाच सर्वांत आधी कळते.