चकती निळी, वायर पिवळी

नवा ब्लू-रे प्लेअर जोडला, हौसेनं मागवलेली चकती आत सरकवली आणि पडद्यावर दिसलं ते जुन्या डीव्हीडीइतकंच! अशी तक्रार कुणी केली तर आधी त्याच्या टीव्हीमागे हात घालून पाहावा. बऱ्याचदा तिथे पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची जुनी वायर सापडते. डीव्हीडीच्या काळात सुतारानं ती युनिटमागून ओढून दिलेली असते आणि ‘चालतेय तर राहू दे’ म्हणून कुणी काढलेली नसते. या पिवळ्या टोकातून फार तर ५७६ ओळींचं चित्र जातं. चकतीवर ओळी आहेत १०८०. जवळपास निम्म्या ओळी प्लेअरच्या पाठीशीच अडकून पडतात.

२०१३ नंतर बनलेल्या प्लेअरना हे पिवळं भोक ठेवायचंच नाही, अशी परवान्याची अट आली. पण आज पहिला प्लेअर घेणाऱ्याच्या हाती जुन्या बाजारातलाच येण्याची शक्यता जास्त. सॅमसंगनं २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवे प्लेअर आणणं थांबवलं, एलजीनंही २०२४ मध्ये हात आखडला. दुकानात विचारलं तर विक्रेता ‘हे अजून कोण घेतं?’ अशा नजरेनं बघतो. एक गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. घरात मुलांचा चकती घेणारा प्लेस्टेशन ३, ४ किंवा ५ असेल, तर ब्लू-रे प्लेअर घरात केव्हाच आलेला आहे. पाचवा तर फोर-के चकत्याही वाचतो.

चकतीत एवढं आहे तरी काय? सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिघींचं माप एकच : व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. तिघींवर आतून बाहेर जाणारी सर्पिल रेघ आणि त्या रेघेवर सूक्ष्म खळगे. लेझरचा ठिपका रेघेवरून फिरतो, खळगा आला की परत येणारा प्रकाश बदलतो आणि त्या बदलांतून शून्य-एकची भाषा वाचली जाते. सगळा खेळ हा ठिपका किती बारीक करता येतो याचा. भिंग कितीही उत्तम घ्या, प्रकाश एका बिंदूत गोळा होत नाही. भिंग किती रुंद कोनातला प्रकाश एकवटतं याचा एक आकडा असतो. लेझरच्या तरंगलांबीला त्या आकड्याच्या दुपटीनं भागलं की साधारण किती बारीक तपशील वाचता येईल ते कळतं.

डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, भिंगाचा आकडा ०.६०, उत्तर येतं ५४२ नॅनोमीटर. ब्लू-रेचा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, भिंग ०.८५, उत्तर २३८. मोठ्या संख्येला लहानीनं भागून वर्ग केला की ५.२ मिळतात. एका थरातली जागा ४.७ जीबीवरून २५ जीबीवर गेली, तीही जवळपास तेवढ्याच पटीनं. शाळकरी मुलानं वहीत करून पाहावं असं हे गणित आहे. शेजारशेजारच्या रेघांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉनवरून ०.३२ वर आलं. एका थरावरची सगळी रेघ उलगडून सरळ केली तर भरेल सुमारे २७ किलोमीटर, म्हणजे चर्चगेटहून लोकलनं गोरेगावला पोचाल एवढी.

२००६ मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी ब्लू-रेशी स्पर्धेत उतरली होती. लेझर तोच ४०५ चा, पण भिंग ०.६५ चं. म्हणून तिच्या एका थरात १५ जीबीच मावत. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं माघार घेतली. त्या हरण्यात हॉलिवूडच्या करारांचा वाटा मोठा होता; वॉर्नर स्टुडिओनं जानेवारीत तिची बाजू सोडली आणि पुढच्याच महिन्यात खेळ आटोपला. तरी भिंगातला हा फरक विसरू नये.

हा ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला निळा नव्हे, जांभळाच दिसतो. तो मिळवणं हीच खरी अडचण होती. लाल प्रकाश देणारे अर्धवाहक केव्हाचे उपलब्ध होते, पण निळ्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवता येत नव्हते. जपानमधल्या निचिया या तेव्हाच्या लहान रसायन कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी करून दाखवला. पाठोपाठ १९९६ मध्ये लेझरही आला. इसामु अकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते निळ्या एलईडीसाठी. कंपनीनं मात्र या शोधाचं बक्षीस म्हणून त्यांच्या हातावर २०,००० येन ठेवले होते. ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली.

रुंद कोनाच्या भिंगाला एक किंमत मोजावी लागते. चकती फिरताना किंचित कलली तरी वरच्या प्लॅस्टिकमधून जाताना ठिपका विस्कटतो, आणि प्लॅस्टिक जितकं जाड तितका जास्त. म्हणून डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर आत असलेला मजकुराचा थर ब्लू-रेत पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणावा लागला. इतक्या वरच्या थराला ओरखड्यांची भीती फार. २००३ च्या सुरुवातीच्या जपानी रेकॉर्डरमधल्या चकत्या तर कायम डबीतच बंद असत. पुढे कठीण लेपाचा शोध लागला आणि डबी गेली. शिवाय चकतीवर लिहिताना दर २१६ चिन्हांमागे ३२ जादा चिन्हं केवळ दुरुस्तीसाठी घातलेली असतात. त्यामुळे बारीकसारीक चरे प्लेअर स्वतःच भरून काढतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

पण त्यालाही मर्यादा आहे, आणि इथे पुसण्याची पद्धत आडवी येते. चष्मा पुसावा तशी गोल गोल चकती कधी पुसू नये. पुसताना चरा पडलाच आणि तो गोलाकार असला, तर तो रेघेच्या बाजूबाजूनं धावतो आणि सलग मजकूर खातो. तेवढा सलग तुकडा दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातो. मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसलं तर पडलेला चरा प्रत्येक रेघेला निसटता ओलांडतो. मऊ सुती कापड पुरतं. धोतराचा जुना तुकडा चालेल, सदऱ्याचं टोक नको.

आता पडद्याकडे येऊ. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ४,१४,७२० असत; बरोबर पाचपट. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट आणि सेकंदाला २४ चित्रं धरली तर दर सेकंदाला सुमारे १४९ एमबी होतात. या हिशेबानं २५ जीबीची चकती पावणेतीन मिनिटांत भरेल! तिच्यावर अख्खा सिनेमा बसतो तो दाबून बसवल्यामुळे. चित्रातली भिंत या क्षणी जशी तशीच पुढच्या क्षणी असेल, तर ती पुन्हा लिहायची नाही. जे हललं तेवढंच, आणि कुठून कुठे हललं, ते लिहायचं.

किती दाबलं यावर मग सगळं अवलंबून. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे, तर एवढ्याच ओळींच्या स्ट्रीमिंगला साधारण पाच मेगाबिटचं कनेक्शन पुरतं असं कंपन्या सांगतात. दिवसाउजेडीच्या संवादाच्या दृश्यात हा फरक दिसणार नाही, आणि दिसतो असं सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. पाऊस, धूर, धुकं किंवा कंदिलाच्या उजेडातली खोली आली की मात्र दिसतो. धुक्यात एकाएकी पायऱ्या उमटतात, काळोखात चौकोन वळवळू लागतात.

जोडणी सोपी आहे. पिवळी वायर काढायची आणि एचडीएमआय लावायची. हजारो रुपयांची सोनेरी टोकांची केबल विकणारे भेटतील. दोन मीटरच्या अंतरासाठी तिची काहीच गरज नाही. यातून शून्य-एकच जातात, ते पोचतात किंवा पोचत नाहीत. केबल वाईट असेल तर पडद्यावर ठिणग्या चमकतात नाहीतर चित्रच जातं; रंग फिके पडत नाहीत. साध्या केबलवर उरलेले पैसे आवाजावर घालवावेत, कारण सपाट टीव्हीच्या पाठीला चिकटवलेले ते दोन केविलवाणे स्पीकर चकतीवरच्या आवाजाला न्याय देऊच शकत नाहीत.

टीव्हीच्या मेनूत मात्र दहा मिनिटं घालवायला हवीत. कारखान्यातून तो दुकानाच्या झगझगाटात उठून दिसेल अशा बेतानं येतो : ‘व्हिव्हिड’, शार्पनेस चढलेला, चेहरे टोमॅटोसारखे. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड निवडला की पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं. मग सवय होते आणि मागे जाववत नाही. दुसरी खोड म्हणजे कडा कापणं. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीत कडा वाकड्यातिकड्या दिसत म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा झाकत. नळी गेली, खोड राहिली. ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय शोधून ती बंद केली की प्रत्येक पिक्सेल आपल्या जागी बसतो. वरखाली राहणाऱ्या काळ्या पट्ट्यांना मात्र हात लावू नये. सिनेमाच तेवढा रुंद आहे. पट्ट्या घालवायच्या तर माणसं ताणावी तरी लागतात नाहीतर कापावी तरी.

तिसरी गोष्ट वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ नं पळवत, म्हणजे अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधीच संपे आणि आवाजही वर चढे. काळी दोनमध्ये गायलेलं गाणं पांढरी तीनच्या दिशेनं सरके. सुरांचा कान असलेल्यांना ते खटकत असे, बाकीच्यांना फक्त ‘काहीतरी वेगळं’ वाटे. ब्लू-रे मूळ वेग राखतो. प्लेअरच्या मेनूत ‘२४पी’ चालू आहे ना ते पाहायचं, आणि टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. ती सोय दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची कल्पित चित्रं घुसडते आणि चांगला सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो.

एवढं सगळं जमलं तरी एक गोष्ट उरते, आणि ती कुठल्याच मेनूत नाही : सोफा. नजर ठीक असलेल्या माणसाला अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातला तपशील सुटा दिसतो. ४३ इंची टीव्हीवर १०८० पैकी एका ओळीची उंची अर्धा मिलिमीटर भरते. ती सुटी दिसायची तर डोळा सुमारे १.७ मीटरवर, म्हणजे साडेपाच फुटांवर हवा. डीव्हीडीच्या ओळी जवळपास दुप्पट जाड. त्यांची हद्द साडेदहा फूट. आता आपले हॉल आठवा. टीव्ही या भिंतीला, सोफा त्या भिंतीला, मध्ये दहा-अकरा फूट. ओळींपुरतं बोलायचं तर तिथून दोन्ही चकत्या सारख्याच! दुकानात टीव्हीपुढे हातभरावर उभं राहून भाळायचं आणि घरी येऊन कितीतरी लांब बसायचं, असा आपला व्यवहार असतो. खुर्ची पुढे ओढण्याला काही खर्च नाही. फोर-केसाठी याच टीव्हीपुढे तीन फुटांच्या आत बसावं लागेल, तेव्हा ४३ इंचीवर फोर-केचा हट्ट मला तरी समजत नाही.

पहिली चकती कोणती घ्यावी? बहुतेक जण स्फोटांनी भरलेला ताजा सिनेमा घेतात. मी म्हणेन, जुना कृष्णधवल घ्या. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर डीव्हीडीला कधीच न पेललेला तपशील दशकानुदशकं नोंदलेला पडून असतो. ‘पाथेर पांचाली’चीच गोष्ट घ्या. सिनेमा १९५५ चा. १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत, हा सिनेमा ज्या तिघांतला पहिला त्या अपू-त्रयीची निगेटिव्ह होरपळली. जळकी, ठिसूळ, चिकटलेली रिळं अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात जपून ठेवली गेली. पुढे इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यांत पुन्हा लवचीकपणा आणला, जमेल तेवढी फोर-केमध्ये स्कॅन केली, जिथे काही उरलं नव्हतं तिथे इतर प्रतींचा आधार घेतला आणि २०१५ मध्ये तिन्ही सिनेमे परत आले. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कितीतरी नायट्रेट फिल्म गेल्या. मूळ फिल्मच नसेल तर चकती २५ जीबीची असो की १०० ची, तिच्यावर भरणार काय?

अशी चकती लावल्यावर चित्रावर बारीक वाळू खुळखुळताना दिसेल. तो दोष नाही. ते फिल्मवरच्या चांदीचे कण आहेत आणि सगळा तपशील त्यांनीच धरून ठेवलेला आहे. टीव्हीतला ‘नॉइज रिडक्शन’ ही वाळू पुसायला जातो आणि तिच्याबरोबर ‘पाथेर पांचाली’तल्या म्हाताऱ्या इंदिर ठकुरणच्या सुरकुत्याही पुसतो. तोही बंद.

मागवताना मात्र जपून. ब्लू-रेच्या जगाचे अ, ब, क असे तीन विभाग पाडलेले आहेत. इंग्रजीत ए, बी, सी. अमेरिका ए मध्ये, युरोप बी मध्ये, भारत चीन-रशियाबरोबर सी मध्ये. अपू-त्रयीची अमेरिकेत क्रायटेरियन कंपनीनं काढलेली ब्लू-रे ए विभागाची आहे. त्यामुळे बंगालमध्ये घडलेला हा सिनेमा, इतक्या खटपटीनं वाचवलेला, कोलकात्यात किंवा कोल्हापुरात रीतसर घेतलेल्या प्लेअरमध्ये घातला तर प्लेअर तो नाकारतो. फोर-के चकत्यांना विभागाचं हे कुलूप नसतं. साध्या ब्लू-रेच्या खोक्यामागचं अक्षर पैसे देण्याआधी पाहून घ्यावं.