घरचा अ‍ॅम्प्लिफायर घुमतो तेव्हा



आता पुष्कळ घरांत टीव्हीला किंवा मोबाईलला जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर असतो. पहाटेची भूपाळी, दुपारची गाणी, सणावाराला माईकवरचे भजन, सारे त्यातूनच. तो बिघडला की आपण एक तर त्यावर थाप मारतो, नाहीतर पिशवीत घालून तालुक्याला नेतो. बऱ्याच वेळा दोष नुसत्या जोडणीत असतो.

सर्वांत जास्त तक्रार घूं-घूं आवाजाची. अशा वेळी आवाजाचे बटण शून्यावर आणा. तरीही घुमणे चालूच असेल तर दोष आत, बहुधा वीज गाळणाऱ्या कपॅसिटरमध्ये. ते काम कारागिराचे. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. बटण शून्यावर आणताच घुमणे थांबत असेल तर टीव्हीकडून येणारी वायर संशयित. तिच्या पिनेजवळची जाळी तुटलेली असते, किंवा ती विजेच्या वायरीला चिकटून आलेली असते. वायर बदला, दूर न्या, आणि टीव्ही व अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा.

काही मंडळी घुमणे घालवायला तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडतात. कधी कधी आवाज थांबतोही! पण ती अर्थिंगची पिन आहे. आत वायर सुटून पत्र्याला लागली, तर वीज पेटीत उतरते आणि तिला जमिनीत जायला दुसरी वाट उरत नाही. माईकची धातूची मूठ त्याच पत्र्याला जोडलेली असते. सारवलेल्या ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून माईक धरणाऱ्या पोरातून ती वीज जाते. विहिरीवरच्या मोटारीचे अर्थिंग तुटले तर काय होते, हे तुम्हाला मी काय सांगावे? घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, मीटरजवळ ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आर.सी.सी.बी. बसवा, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत जा. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही.

दुसरी गोष्ट ओहमची. स्पीकरच्या मागे ४ किंवा ८ ओहम लिहिलेले असते. अ‍ॅम्प्लिफायरला कमीत कमी किती चालतात तेही त्याच्या मागे असते. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीवर शेजारी-शेजारी लावले की ४ ओहम होतात, चार लावले की २. हेड फार कमी झाले की पंपाची मोटार जशी जादा अ‍ॅम्पिअर ओढून तापते, तसाच अ‍ॅम्प्लिफायर तापतो आणि जळतो. भजनी मंडळाच्या मोठ्या यंत्रावर १०० व्होल्टचीही टोके असतात. ती खास ट्रान्सफॉर्मर लावलेल्या कर्ण्यांसाठी. घरचा स्पीकर तिथे लावू नये.

आवाज मोठा आहे पण पखवाजाची धूम पोकळ वाटते? मग एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली असावी. यंत्र बंद करून त्या एकाच स्पीकरची टोके अदलाबदल करा.

फ्यूज गेला तर तितक्याच अ‍ॅम्पिअरचा घाला, तांब्याची तार नको. यंत्रावर भरतकामाचा रुमालही नको. हवेची भोके त्याखालीच असतात. आणि वळवाचे ढग दिसले की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढून ठेवावा.