समुद्र नसलेल्या गावातून सर्फिंगची गोष्ट

मागच्या रविवारचा भाग ऐकताना ज्यांची एसटी घाटात शिरली आणि रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, मधले अडखळणे तेवढे काढलेत.

विषय सर्फिंग. हो, धाराशिवमधून. आपल्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि 'तुला काय करायचंय सर्फिंगचं' हे घरी ऐकून झालंय. पण नेमकी हीच शंका साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या फिल्म वितरकांनी घेतली होती.

फिल्मचं नाव 'द एंडलेस समर'. दिग्दर्शक ब्रूस ब्राउन, कॅलिफोर्नियाचा. माईक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट या दोन तरुण सर्फरना घेऊन तो जगभर फिरला. कल्पना एका ओळीची: उत्तरेत हिवाळा लागला की दक्षिणेत उन्हाळा असतो, मग उन्हाळ्याच्या मागे मागेच फिरत राहायचं. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती, हवाई. हातात १६ एमएमचा बोलेक्स कॅमेरा, खर्च साधारण ५० हजार डॉलर. सुरुवातीला तो सभागृहं भाड्याने घेऊन फिल्म दाखवायचा आणि स्वतः समोर उभा राहून निवेदन करायचा. लाइव्ह पॉडकास्टच म्हणा की.

वितरक म्हणाले, समुद्रापासून दहा मैलांच्या पलीकडे हे कोण बघणार? ब्राउनने मग फिल्म उचलली आणि थेट कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात नेली. तिथून समुद्र जवळपास हजार किलोमीटर. वर ऐन हिवाळा. दोन आठवडे हाउसफुल्ल! पुढे न्यूयॉर्कमध्येही ती महिनोन्‌महिने चालली आणि १९६६ मध्ये सगळीकडे लागली. २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत तिची नोंद झाली.

विचिटाच्या लोकांना त्यात काय दिसलं असेल? मी ती दोनदा पाहिली. मला वाटतं, ही फिल्म लाटेवर उभं राहण्याची कमी आणि लाटेची वाट बघण्याची जास्त आहे. पोरं प्रवास करतात, किनाऱ्यावर बसतात, आणि समोर पाणी सपाट. स्थानिक लोक सांगतात, तुम्ही कालच यायला हवं होतं. हे आपल्याला नवीन आहे का? नळदुर्गचा नर-मादी धबधबा आठवा. बोरी नदीला पाणी आलं तरच तो सुरू होतो. पावसाळ्यात ग्रुपवर रोज एकच प्रश्न, 'सुरू झाला का?' आणि आपण गाडी काढून पोहोचतो तोवर पाणी उतरलेलं.

आता थोडं इंजिनिअरिंग, कारण त्याशिवाय ते लोक वेडे का झालेत ते कळत नाही.

ज्वारीच्या शिवारावरून वारा गेला की कणसांची एक लाट या बांधावरून त्या बांधापर्यंत पळते. ताटं मात्र जागच्या जागी डोलतात. खोल समुद्रात तसंच असतं. पाणी जवळपास तिथेच गोल फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. हजारो किलोमीटर लांब कुठेतरी वादळ होतं, वारा बराच वेळ आणि बऱ्याच लांबीच्या पाण्यावर वाहतो आणि तिथून लाटांचा ताफा निघतो. दोन लाटांमध्ये १५ सेकंदांचं अंतर असेल, तर असा ताफा ताशी साधारण ४० किलोमीटरने चालतो, म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. आपल्या एसटीसारखाच वेग, फक्त थांबे नाहीत. दक्षिण महासागरातल्या वादळाची लाट आठवड्याभराने केरळच्या किनाऱ्यावर येऊन आदळते, तेव्हा तिथे वारासुद्धा नसतो. पुढे पाणी उथळ झालं की लाटेचा खालचा भाग तळामुळे मंदावतो, ती उंच होते, आणि खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की फुटते. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फुटत गेली, तरच सर्फरला तिच्यावरून लांब जाता येतं. म्हणजे लांबचं वादळ, तळाचा आकार, भरती-ओहोटी आणि किनाऱ्यावरचा वारा, हे सगळं एका तासात जुळायला हवं.

आणि हो, भारतीय किनाऱ्यांवरच्या लाटांचा अंदाज रोज देणारी 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था कुठे आहे? हैदराबादला! आपल्या उमरग्यावरून जाणाऱ्या हायवेच्या वाटेवर, समुद्रापासून चांगलीच लांब.

फिल्ममधला सगळ्यात गाजलेला भाग दक्षिण आफ्रिकेतल्या केप सेंट फ्रान्सिसचा. वाळूच्या टेकड्या ओलांडल्यावर एकदम काचेसारखी लाट दिसते. ब्राउन निवेदनात असं भासवतो की ती बहुतेक रोजच तशी असते. प्रत्यक्षात ती जागा वर्षातून मोजके दिवसच तशी चालते. फिल्ममुळे तिला पुढे 'ब्रूसेस ब्युटीज' असं नावच पडलं. म्हणजे नशीब लागलं आणि त्याला नियमासारखं दाखवलं. रील बनवणाऱ्यांनो, हे तुमच्याआधीपासून चालू आहे. आफ्रिकेतल्या लोकांवरचे काही विनोदही आज ऐकताना टोचतात. तरीही बघाच.

आपल्याकडे असे वेडे आहेत का? मुंबईत वाढलेली इशिता मालविया बघा. समुद्राकाठच्या शहरात राहूनही भारतात सर्फिंग होतं हे तिला माहीत नव्हतं. ती मणिपालला पत्रकारिता शिकायला गेली, तिथे २००७ मध्ये बोर्ड घेऊन आलेला एक जर्मन विद्यार्थी भेटला. त्याच्यामुळे मुल्कीच्या आश्रमात सर्फिंग करणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली. तिने आणि तुषार पाथियनने सुरुवातीला दोघांत एकच बोर्ड वापरला. पुढे त्यांनी 'शाका सर्फ क्लब' काढला आणि उडुपीजवळच्या कोडी बेंगरे गावातल्या पोरांनाही शिकवायला लागले. २०१४ ची 'बियाँड द सरफेस' ही डॉक्युमेंटरी दक्षिण भारतात सर्फिंगसाठी फिरणाऱ्या बायकांवर आहे, त्यात ती आहे. मला 'एंडलेस समर'पेक्षा ही जवळची वाटली, कारण यातली माणसं लाट शोधत नुसती पुढे जात नाहीत, गावात थांबतातही.

आता मी हा भाग का केला ते सांगतो. मी मामाच्या विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला प्लास्टिकचा डबा बांधून. माझ्या मामेभावाची शिकायची वेळ आली ती २०१५-१६ मध्ये. दुष्काळ आठवतोय ना? विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या. राहिलं ते राहिलंच.

मागच्या हिवाळ्यात तो मित्रांसोबत कोकणात गेला. पाणी कमरेएवढं होतं. बाकी सगळीकडे लाटा फुटत होत्या, म्हणून सगळे जिथे पाणी शांत दिसलं तिथे गेले. तिथेच चुकलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत आत जायला एखादी खोलगट वाट धरतं, तिला रिप करंट म्हणतात. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी गडद दिसतं, आणि आपल्याला वाटतं हीच जागा सुरक्षित. भाऊ किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारत राहिला आणि दमला. होडीवरच्या एका माणसाने त्याला ओढून काढलं.

सर्फर हीच वाट ओळखून आत जायला वापरतात, फुकटची लिफ्टच ती. अडकलात तर तिच्याशी भांडू नका. अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन त्या पट्ट्यातून बाहेर पडा. ही वाट सहसा अरुंद असते. पोहता येत नसेल, तर गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि जीवरक्षक नाही म्हणाला की नाही.

भावाने परत आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन केला, 'दादा, विहिरीत पाणी कितीय?' मामाला विचारलं, दोन पुरुष आहे म्हणाला. डबा मी नेणार आहे.