संगणकास द्यावयाच्या आज्ञा व शब्दांची निवड

वाणीनें कार्य घडवावयाचें तर उच्चार शुद्ध हवा, ही शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेंतील त्वष्ट्याची कथा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. इंद्रास मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्यानें 'इंद्रशत्रु' असें म्हणून आहुति दिली. परंतु स्वर भलत्याच ठिकाणीं पडल्यामुळें समासाचा अर्थ फिरला, आणि इंद्रच ज्याचा संहारक असा वृत्र उत्पन्न झाला. घरचा संगणक बोललेली आज्ञा ऐकूं लागल्यापासून या कथेंतील मर्म गृहस्थांनीं नव्यानें ध्यानांत घेण्याजोगें झालें आहे.

ऐकणारीं यंत्रें आजचीं नव्हत. १९५२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत 'ऑड्री' नांवाचें यंत्र तयार झालें. तें इंग्रजी आंकडे तेवढे ओळखी, आणि तेही बोलणाराचा आवाज परिचयाचा असेल तरच नीट. १९६२ सालीं सिअ‍ॅटल येथील जागतिक प्रदर्शनांत आय. बी. एम. कंपनीनें 'शूबॉक्स' हें यंत्र दाखविलें. त्यास सोळा शब्द समजत: दहा आंकडे, आणि बेरीज, वजाबाकी वगैरे सहा आज्ञा. पुढेंही कित्येक वर्षें यंत्राशीं बोलतांना शब्दाशब्दागणिक थांबावें लागे. शाकल्यानें ऋग्वेदाचा पदपाठ सिद्ध केला, तो संहितेच्या सलग उच्चारांतून पदें वेगळीं दाखविण्यासाठीं. यंत्रापुढेंही अडचण तीच होती, कीं बोलण्याच्या ओघांत एक पद कोठें संपतें आणि दुसरें कोठें सुरू होतें. १९९७ सालीं 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' बाजारांत आलें, तेव्हां सामान्य मनुष्यास घरच्या संगणकाशीं सलग बोलणें शक्य झालें.

आतां ही सोय संगणकाबरोबरच मिळते. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांत 'व्हॉइस कंट्रोल' २०१९ सालीं आलें. 'विंडोज ११' मध्यें 'व्हॉइस अ‍ॅक्सेस' २०२२ सालीं आलें, आणि त्यांत स्वतःच्या आज्ञा तयार करण्याची तजवीज २०२४ पासून झाली. रीति अवघड नाहीं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, तेथून अ‍ॅक्सेसिबिलिटी, तेथून व्हॉइस कंट्रोल व कमांड्स असें जावें. अधिक चिन्ह दाबलें कीं तीन प्रश्न पुढें येतात: कोणता शब्द उच्चारल्यावर, कोणतें काम चालू असतांना, आणि काय करावयाचें. एखादें पान उघडणें, एखादी कळ दाबणें, किंवा आधीं लिहून ठेविलेला मजकूर चिकटविणें, यांपैकीं हवें तें निवडावें. विंडोजमधील 'व्हॉइस शॉर्टकट्स' याच धर्तीचे आहेत.

खरा विचार करावयाचा तो शब्दांचा. यंत्र अर्थ जाणत नाहीं. तें ध्वनीचे अत्यंत सूक्ष्म तुकडे पाडून, ते आपल्या यादींतील कोणत्या शब्दाशीं अधिक जुळतात एवढाच अदमास करितें. म्हणून आज्ञा एकाक्षरी किंवा फार आंखूड असूं नये. दोनतीन शब्दांची असली म्हणजे यंत्रास पारख करण्यास पुरेसे वर्ण मिळतात.

दुसरी गोष्ट, दोन आज्ञांमधील भेद नुसत्या व्यंजनावर ठेवूं नये. स्वरही निराळे असावे. स्वर मोठ्यानें ऐकूं येतात, उलट क, त, प हे वर्ण क्षणांत उमटून जातात आणि पंख्याच्या घरघरींत हरवतात.

तिसरी गोष्ट आपल्या जिभेची. आमच्या घरीं आज्ञा इंग्रजींतच दिल्या जातात, आणि मराठी जिभेवर इंग्रजीचे कांहीं भेद मावळतात. लेखणीचा 'पेन' आणि वेदनेचा 'पेन' आपण एकच उच्चारतों. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' आणि बंडीचा 'वेस्ट' हेही तसेच. शिवाय इंग्रज मनुष्य शब्दारंभींचा 'प' किंचित् महाप्राण करून उच्चारतो, आपण तो शुद्ध अल्पप्राण उच्चारतों. त्यामुळें आपला 'प' परक्या कानास 'ब' सारखा भासण्याचा संभव असतो. असे शब्द यादींत घेऊंच नयेत. पाणिनीय शिक्षेंत स्थान व प्रयत्न यांचा जो विचार केला आहे, तो एरवीं परीक्षेपुरता पाठ होतो. येथें त्याचा रोकडा उपयोग आहे.

चौथी गोष्ट एकत्र कुटुंबाची. आमच्या वडील बंधूंस पक्षाघात होऊन उजवें अंग लुळें पडलें. वाणी मात्र सुदैवानें स्पष्ट राहिली. वर्तमानपत्र उघडावें, पुण्याच्या लेकीस पत्र धाडावें, यासाठीं प्रत्येक वेळीं सूनबाईस हांक मारावी लागे. ती हातांतील काम टाकून आनंदानें येई, पण दादांस तें जड जाऊं लागलें. पुढें पुढें त्यांनीं हांक मारणेंच कमी केलें. "मामंजी, आज पेपर नको का?" असें तिनें विचारिलें म्हणजे "वाचण्यासारखें असतें काय त्यांत?" म्हणून ते टाळीत. वाचनाची गोडी गेली नव्हती. मागण्याचा संकोच वाढला होता.

नातवंडांनीं त्यांच्यासाठीं आज्ञा करून दिल्या. प्रथम 'पेपर' एवढाच शब्द ठेविला होता. दिवस परीक्षेचे, कोणी दारांतून "पेपर?" म्हणून विचारिलें कीं दादांचें अर्धें लिहिलेलें पत्र झांकून वर्तमानपत्र पुढें येई. तेव्हां 'मॉर्निंग न्यूजपेपर' अशी आज्ञा ठरली, जी घरांत दुसरें कोणी उच्चारीत नाहीं. पत्रासाठीं आणखी तीन केल्या. त्या इंग्रजींत उच्चारल्या असतां मायना, प्रकृतीचें वर्तमान आणि शेवटचे आशीर्वाद हे देवनागरींत आपोआप उमटतात. मधला मजकूर दादा डाव्या हाताच्या एका बोटानें लिहितात. त्यास वेळ लागतो, पण तो मजकूर त्यांचा असतो, आणि लेकीस कळविण्याची गोष्ट आधीं तिसऱ्यास सांगावी लागत नाहीं.

कांहीं गोष्टी मात्र तोंडी आज्ञेवर सोंपवूं नयेत. लिहिलेलें पुसून टाकणें, पैसे पाठविणें, पत्र शेवटीं रवाना करणें, हीं कामें हातानेंच करावीं, किंवा कोणास जवळ बसवून करावीं. बाकी आज्ञा चुकली तर भलतें पान उघडेल. यांत चुकली तर तें परत येणार नाहीं. घरांत पाहुणे असतील तेव्हां संगणकाचे कान बंद करावे. तशी आज्ञाही दोहोंत आहे. वर सांगितलेल्या दोन्ही सोयी बोलणें त्या संगणकावरच ऐकून ओळखतात. पुष्कळसे बोलके स्पीकर मात्र तें कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे पाठवितात, हा भेद खरेदीपूर्वीं ध्यानांत असावा.

ज्यांचे हात व डोळे धड आहेत त्यांना ही बहुधा चार दिवसांची करमणूक वाटेल, आणि पांचव्या दिवशीं ते पुन्हा कळफलकाकडे वळतील. त्यांत वाईट कांहींच नाहीं. पण संधिवातानें बोटें आंखडलेली आजी, अधू दृष्टीचे आजोबा, अपघातानें अंथरुणास खिळलेला मुलगा, असें कोणी ज्या घरांत असेल, त्या घरांतील जाणत्या मंडळींनीं एक रविवार खर्ची घालावा. त्या व्यक्तीसच विचारून तिला रोज लागणारीं पांचसहा कामें लिहून काढावीं, शब्द तिच्या तोंडून वदवून तपासावे, आणि ठरलेली यादी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावी. यादी लहान ठेवावी; जिभेवर बसेल तेवढीच कामाची.