तेल संपलं म्हणून नव्हे

शाळेत तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, शिकवताना ‘पेशीचं ऊर्जाघर’ एवढं बिरुद घोकून घेतात. बिरुद खोटं नाही, पण त्यातून एक पक्का गैरसमज रुजतो: तेल संपल्यावर समई विझते, तशी ऊर्जाघर बंद पडल्यावर पेशी मरते.

तसंही मरण असतं. रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगते, फुटते, आसपास दाह होतो. नियोजित पेशीमृत्यूचा, अर्थात अ‍ॅपॉप्टोसिसचा, कारभार मात्र उलटा. तो चालायलाच एटीपी हा ऊर्जारेणू लागतो. पेशीत ऊर्जेचा खडखडाट असेल, तर तिला धड नीटनेटकं मरताही येत नाही.

मग मायटोकॉन्ड्रिया करतात काय? त्यांच्या दोन आवरणांमधल्या फटीत सायटोक्रोम सी नावाचं छोटंसं प्रथिन असतं. रोजचं काम हमालाचं: श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोहोचवणं. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला, की बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं बाहेरच्या आवरणाला भोकं पाडतात आणि हा हमाल पेशीद्रवात उतरतो. तिथे अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाचे सात रेणू त्याच्या साथीनं चाकासारखे जुळतात (या जुळणीलाही ऊर्जारेणू हवाच). चाकावर कॅस्पेज-९ हे प्रथिनं कापणारं विकर जागं होतं, ते कॅस्पेज-३ला कामाला लावतं आणि पेशीची आतून कापाकापी सुरू होते. आवरणात बांधलेले तुकडे भक्षकपेशी गिळून टाकतात. सायटोक्रोम सीचा हा दुसरा धंदा श्याओडाँग वांग यांच्या गटानं १९९६ साली उघडकीस आणला.

यावरून प्रत्येक नियोजित मृत्यूची फाईल मायटोकॉन्ड्रियातूनच जाते, असंही कुणी समजू नये. मारक टी-पेशी बाहेरून फास या ग्राहीचं दार ठोठावते, तेव्हा कॅस्पेज-८ थेट कापाकापी सुरू करू शकतं. सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या वाढीत १,०९०पैकी नेमक्या १३१ कायिक पेशी मरतात, आणि तिथे सायटोक्रोम सीची गरजच पडत नाही.

पेशी मरणं म्हणजे आजार, हा समज तर गर्भाच्या हाताकडे पाहिलं की गळून पडतो. बोटांमधला पडदा पेशी मरतात म्हणूनच जातो. उलट पेशी मरेनाशा झाल्या की पंचाईत. बीसीएल-२ हे प्रथिन बॅक्स-बॅकना आवरून धरतं. काही लिम्फोमांमध्ये त्याचं उत्पादन बेसुमार वाढतं. याच प्रथिनाला अडवणाऱ्या व्हेनेटोक्लॅक्स या औषधाला २०१६ साली अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. औषध फक्त पहारा उठवतं. भोकं पाडण्याचं काम पेशीचे स्वतःचे बॅक्स-बॅकच करतात.